पहिली हाक जिनाची

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ड्रम घासणं. आमच्या अकोल्यात नळ पाच दिवसांनी येतो. येणार त्याच्या आदल्या दुपारी ड्रम घासून पालथा घालायचा, हा कुसुमचा नियम. मी ड्रम आडवा पाडून गुडघ्याचा टेका द्यायचा आणि ती कमरेपर्यंत आत शिरून नारळाच्या शेंडीने घासायची. सत्तरी ओलांडलेली बाई अर्धी ड्रमात. लोकांना हसू येईल, आम्हाला येत नव्हतं, कारण दर पाचव्या दिवशी कोण हसतो. आतून ती ओरडली, "हालवू नका जी!" मी म्हटलं, "मी हालवून नाही राहिलो. ड्रम गोल आहे." मग तिने राख मागितली. ड्रमातून आवाज जाड होऊन येतो, जुन्या मशीनमधून यावा तसा, आणि मी त्या आवाजाकडेच कान देऊन बसलो, राखेकडे नाही. तिने दुसऱ्यांदा मागितली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मी उठलो. डोकं बाहेर काढून ती म्हणाली, "तीन वक्त हाक माराव लागते तुमाले. लगन झालं तवापासून मोजून राहिली मी."

ड्रम दोन विटांवर पालथा घातला. चहा झाला. पाठ दुखते म्हणून ती आडवी झाली आणि दिवेलागणीला उठली नाही. त्या दिवसाबद्दल ह्यापुढे मला काही लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते तिसऱ्या हाकेबद्दल. मी तिसऱ्या हाकेला उठतो ह्याला कारण आहे. ते कारण मी तिला अनेक वेळा सांगितलं, आणि तिने ते कधीच मंजूर केलं नाही.

मी वाढलो जिनाच्या भिंतीला लागून. कापसाचं जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. बाप तिथे बॉयलरवर होता, माय ओट्यावर कापूस वेचायची, म्हणजे त्यातला कचरा निवडायची. आमची खोली एक, तिची एक भिंत जिनाची. दिवाळीनंतर मशिनी सुरू झाल्या की ती भिंत थेट उन्हाळ्यापर्यंत थरथरायची. ताटलीत ठेवलेला गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, स्वतःहून चालत कडेला यायचा. रुईचे तंतू भाकरीवर बसायचे, अंबाडीच्या भाजीत पडायचे, ठेच्यात तर ओळखूच यायचे नाहीत. माय म्हणायची, "खाय, कापूसच आहे, काही इख नाही." बापाने जुने देव नदीत सोडून दिले होते. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती, ती खिळ्यावर राहायची नाही म्हणून बापाने तिला चारी बाजूंनी खिळे मारले होते. शांत माणूस चार खिळ्यांत. बाकी घर सगळं हलतं.

अशा घरात हाक कशी मारतात, ते सांगतो. पहिली हाक वाया जाते. ती जिनाची. मारणाऱ्यालाही माहीत असतं की ती जाणार, पण मारावी लागते. दुसरी हाक ऐकणाऱ्याला कळवते की कोणीतरी काहीतरी म्हणून राहिलं. तिसरी हाक खरी. ती छाती भरून मारायची आणि तिच्यात काम काय ते सांगायचं. आमच्या घरी पहिल्या हाकेला कोणी उठलं असतं तर मायला वाटलं असतं की पोराला काही झालं. चौथीत मी दोनदा नापास झालो त्यातही हे होतंच. गुरुजी नाव एकदाच घ्यायचे आणि गैरहजेरी मांडायचे. मी समोर बसलेला असायचो.

शाळा सुटली ती सुटली. काही वर्षं जिनात कापसाच्या गाठी ढकलल्या आणि अंगात बळ आल्यावर बापाने मला जठारपेठेत हनीफ उस्तादांच्या दुकानात लावून दिलं. रेडिओ दुरुस्ती, लग्नाला लाउडस्पीकर, आणि एक टेप मशीन. ते मशीन सुटकेसएवढं, वजनाला बकरीएवढं. दोन चकत्या, एकीवरून दुसरीवर पट्टी जाते, जाता जाता बोलते. उस्ताद ते भाषणांना भाड्याने द्यायचे. मी तिथे सहा वर्षं होतो आणि शेवटी शेवटी उस्तादांपेक्षा माझं काम साफ असायचं, हे ते स्वतः गिऱ्हाइकांना सांगायचे, फक्त मी समोर नसताना.

एकदा ऐन उन्हाळ्यात दोन बाया दुकानात आल्या. एक कपाळ मोकळं असलेली, एक पोरगी. अकोटहून एसटीने आल्या होत्या. बाईने पदरातून सुपारीची डबी काढली, डबीतून चिंधी, चिंधीतून एक लहान चकती. चकतीवर तार गुंडाळलेली, केसासारखी बारीक.

"ह्याच्यात आमचे ते आहेत," बाई म्हणाली.

उस्तादांनी चष्मा वर केला. "कोन?"

"ह्या पोरीचा बाप."

पोरगी म्हणाली, "मायले म्हनाचं आहे, आवाज आहे. बाबा जाऊन तीन वर्ष झाले."

ही पोरगी म्हणजे कुसुम. तिने मग सगळं नीट सांगितलं. तिचा बाप अकोटच्या बाजारात मापारी होता. ज्वारीच्या ढिगापाशी बसून पायलीने धान्य मोजायचं आणि मोजताना आकडा गात राहायचा, म्हणजे तो विसरत नाही आणि आजूबाजूच्यांनाही ऐकू जातो. आता सगळीकडे किलो आले, तेव्हा नुकते येत होते. एका कापसाच्या शेटजींनी मुंबईहून तारेचं मशीन आणलं होतं, टेपऐवजी बारीक तारेवर आवाज पकडणारं. हुरड्याच्या दिवशी शेतात ते मशीन लावून त्यांनी गंमत म्हणून ह्याला मोजायला बसवलं आणि आवाज पकडला. पुढे मशीन मुंबईला परत गेलं. मापारी काविळीने गेला तेव्हा शेटजींनी तार आणून बाईच्या हातात दिली. मशीन नाही, नुसती तार. बाईने तीन वर्षं ती सुपारीच्या डबीत ठेवली होती. "दर अमावास्येले चिंधी बदलतो," म्हणाली; आमच्याकडे बायाही बदलतो, करतो असंच म्हणतात. काहून, ते मी विचारलं नाही.

उस्तादांनी तार उजेडात धरली. "बाई, ये तारवाली मशीन आता कोनाजवळ नाही. आली तशी गेली. अमरावतीले कॅम्पात एक बुढ्ढे वकीलसाहेब आहेत, त्याहीच्याजवळ एक आहे. चालू असन तं आपली टेप मशीन तठी नेऊ, तारेवरचा आवाज टेपवर घेऊ. टेप मंग कधी बी आयका."

"आवाज इकडून तिकडे गेला तं तारेत काय राहीन?" बाईने विचारलं.

"तारेत बी राहीन."

"मंग दोघं होतीन?"

उस्तादांनी तार पुन्हा चिंधीत ठेवली. "हाव," ते म्हणाले, "दोघं होतीन."

आम्ही चौघं एसटीने अमरावतीला गेलो. टेप मशीन माझ्या मांडीवर, दोन्ही पाय मुके झाले. स्टँडवर उस्तादांनी सगळ्यांना गिलावडा घेऊन दिला. बाईने आपला अर्धा कागदात बांधला. कुसुमने आपला पूर्ण खाल्ला आणि माझ्या कागदाकडे पाहत म्हणाली, "तुमी चटनी नाही खात तं इकडे द्या." हे तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. मी ऐकलं नाही. तिने दुसऱ्यांदा सांगितलं, तेही कानावरून गेलं. तिसऱ्यांदा ती उस्तादांना म्हणाली, "हा बहिरा हाय काय?" उस्ताद म्हणाले, "नाही, जिनाजवळचा हाय."

वकीलसाहेब ताठ म्हातारे, घरात एकटे. मशीनवर मच्छरदाणी घातलेली. त्यांनी आम्हाला आधी पाय धुवायला लावले, मग मशीन दाखवलं. चालू होतं. पण दोन मशिनींचं एकमेकींशी काही जमेना. ह्याची पिन जाड, आमच्याचं भोक बारीक. उस्तादांनी वायर सोलून जोडून पाहिली तर नुसता घोंगाट, जणू माझंच घर. शेवटी ठरलं की जोडायचं नाही. ते मशीन मोठ्याने वाजवायचं, समोर आमचा माइक ठेवायचा आणि मधल्या हवेतून आवाज न्यायचा. म्हणजे त्या खोलीत जे वाजेल ते सगळं टेपवर येणार. वकीलसाहेबांनी भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. खिडक्या लावल्या. उस्ताद बाईला म्हणाले, "आता खोकला बी नोको, बाई." बाईने पदर तोंडात धरला.

आधी नुसतं वाजवून पाहिलं. तार फिरली आणि मशीनमधून एक पोरगं बोललं. बारीक, घाईघाईने, शाळेत पाढे म्हणावे तसं.

बाईने पदर काढला. "हे पोट्टं कोनाचं?"

कुसुमचं तोंड उतरलं. वकीलसाहेब म्हणाले, दुसऱ्याची तार असावी. पण उस्तादांना कळलं. शेटजींच्या मशीनचं चाक लहान असणार, ह्याचं मोठं. हे तार भरभर ओढतं म्हणून आवाज बारीक होतो. चाक तर बदलता येत नव्हतं. उस्तादांनी खिशातून रुईचा बोळा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चाकाच्या काठावर आंगठा ठेव. दाब. हळू हळू." मी बोळा धरून अंगठा दाबला. पोरगं मोठं व्हायला लागलं. जरा जास्त दाबला तर म्हातारं होऊन आजारी पडलं. उस्ताद म्हणाले, "बाई, तुमीच सांगा. तोंडानं नाही, हातानं. बराबर आवाज आला की हात वर करा." त्या खोलीत तो माणूस कसा बोलायचा हे दोघींनाच माहीत होतं आणि पोरगी रडत होती, म्हणून सगळा भार बाईवर. मी अंगठा कमीजास्त करत राहिलो. बाई डोळे मिटून बसली. एका जागी तिचा हात गुडघ्यावरून उठला आणि वर तसाच राहिला.

"तिथंच ठेव," उस्ताद पुटपुटले. "आंगठा जळला तरी हालवजो नोको."

मी तार अलगद परत गुंडाळली. टेप लावली. पुन्हा बोळा, पुन्हा अंगठा, बाईच्या तोंडात पुन्हा पदर. उस्तादांनी बटन दाबलं.

आता खोलीत मापारी बोलायला लागला. भरड्या गळ्याचा, न घाई करणारा माणूस. "लाभ रे लाभ, लाभ रे लाभ," मग "दोन रे दोन." आमच्याकडे मोजताना एक म्हणत नाहीत, पहिल्या पायलीला लाभ म्हणतात. तीन, चार, पाच. पायली ढिगात खुपसल्याचा आवाज येत होता, ओतल्याचा येत होता. मागे कोणी हसत होतं. माझ्या अंगठ्याखाली चाक तापत होतं. दहा, अकरा. कुसुम भिंतीला टेकून उभी होती, तिचे ओठ बापाबरोबर मोजत होते. चौदा. पंधरा. "सोळा रे सोळा, सोळा रे सोळा." मग पायली थांबली. मापारी खाकरला आणि म्हणाला, "घसा सुकला बाप्पा. कुसमाची माय, पानी आन वं."

"आनतो जी," बाई म्हणाली.

म्हणाली आणि उठली. तोंडातून पदर पडला. कोपऱ्यात वकीलसाहेबांचा पाण्याचा माठ होता, तिने झाकण काढलं, गडवा बुडवला, झाकण फरशीवर पडून वाजलं. आणि मी, ज्याला हाक तीनदा मारावी लागते, तो ह्या एका आवाजाने दचकलो. अंगठा सुटला. चाक मोकळं होऊन पळालं, मापारी किंचाळून पुन्हा पोरगं झाला आणि तार तुटली. टक. मग चकतीवरून तार सुटत सुटत फरशीवर पडत राहिली. कोणाला मशीन बंद करायचं सुचलं नाही. ज्यांनी तशी तार पाहिली नाही त्यांना सांगतो, ती सुटली की सुगरणीच्या खोप्यासारखी होते. तिचं टोक शोधायला उस्ताद बसले, मी बसलो, वकीलसाहेब भिंग घेऊन बसले. दहा जागी तुटली. शेवटी उस्तादांनी हात टेकले.

कुसुम माझ्याकडे पाहत होती. "बाबा एक वक्त मेले," ती म्हणाली, "तुमी दुसऱ्या वक्ती मारले."

 ती पहिल्या झटक्यात ऐकू आली होती.

मग उस्तादांनी टेप मागे घेतली आणि लावली. मापारी होता. लाभपासून सोळापर्यंत सगळा होता, बरोबर आवाजात. घसा सुकला होता. पाणी मागितलं होतं. आणि त्याच्या मागोमाग, त्याच खोलीत असल्यासारखी, बाई म्हणाली होती, "आनतो जी." गडवा बुडल्याचा आवाज होता, झाकणाचा होता. मग ती किंचाळी, मग टक.

उस्ताद कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, कायले बोलल्या जी तुमी? म्या खोकला बी नोको म्हनलं होतं."

बाई अजून गडवा धरून उभी होती. तिला वेगळंच नवल वाटत होतं. "त्याहीनं हाक मारली नं," ती म्हणाली. "मी एका हाकेत उठतो. दुसरी हाक मारू नाही देली कधी. आता इतक्या दिसानं बोलले, आन मी चुप बसू? त्याहीले वाटन, बाई घरी नाही."

 वकीलसाहेबांनी उगाच घड्याळ चालू केलं. बाई पाणी घेऊन तशीच उभी, प्यायला कोणी नाही. तेव्हा कुसुमने तिच्या हातातून गडवा घेतला आणि माझ्यापुढे धरला. मला वाटलं, पी म्हणते. ती म्हणाली, "आंगठा बुडवा त्याच्यात. फोड आला." मी बुडवला. ती म्हणाली, "भरलेलं पानी वाया नाही गेलं पायजे."

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. सासूने माझ्या बापाला सांगितलं म्हणे, "पोरगं घाबरट हाय, पन तोंड लपवत नाही." टेप सासूकडेच राहिली, आणि दुकानातलं मशीन घेऊन मी दर दिवाळीला अकोटला जायचो. सासू समोर बसून ऐकायची. सोळानंतर टेपमधली बाई "आनतो जी" म्हणाली की खरी बाई मान डोलवायची, काम वेळेवर झालं म्हणून. ती गेल्यावर टेप आमच्याकडे आली. मग उस्ताद गेले, मशीन भंगारात गेलं. आता टेप आहे आणि ती वाजवायला काही नाही, जशी सासूकडे तार होती. माझा पोरगा नागपूरला असतो, तो म्हणतो की हे सगळं मोबाइलमध्ये घेता येतं, द्या. मी कुसुमला विचारलं होतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात करता करता दर वक्ती काही सांडते. मायचं नशीब, तिच्या वक्ती भर पडली."

सासूची मी फार थट्टा केली. चारचौघांत सांगायचो, माझ्या सासूने मशीनला पाणी पाजलं. लोक हसायचे. कुसुम भाकरी थापता थापता म्हणायची, "हसा. माय मेलेल्या मानसाच्या हाकेले उठली. मी जितीजागती बोंबलतो तं तुमी तिसऱ्या वक्ताले हालता." मी म्हणायचो, जिनाजवळ वाढलो. ती म्हणायची, "जिन बंद पडून जमाना झाला." ते खरं होतं. तिथे आता मंगल कार्यालय आहे. भिंत हलत नाही. सवय मात्र मी मोडली नाही, कारण मोडायची गरज काय होती. पहिली हाक वाया गेली तर दुसरी येणार होती, दुसरी गेली तर तिसरी. हाका संपत नव्हत्या.

कुसुम गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळ येणार होता. पोरगा नागपूरहून निघाला होता, तो पोचल्यावर न्यायचं ठरलं होतं. ती पुढच्या खोलीत होती, बाजूला शेजारच्या बाया बसलेल्या, तिची धाकटी बहीणही होती. मी मागच्या खोलीत पलंगावर. उजाडलं. आधी नळाने हवा सोडली, फुसफुस झाली, मग पाण्याची धार सिमेंटवर पडायला लागली. दर पाचव्या दिवशी ह्याच वेळी ती ओरडायची, नळ आला जी. मी पडून राहायचो.

"आलो," मी म्हटलं आणि उठलो.

बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, कोनाशी बोलले? ऱ्हाऊ द्या आज पानी."

मी म्हटलं, "पाच दिवस मंग येत नाही."

अंगणात गेलो. ड्रम विटांवर पालथा होता, आतून कोरडा, स्वच्छ. सुलटा केला, नळी लावली आणि भरेपर्यंत उभा राहिलो. काठोकाठ भरला. मग गडवा बुडवला आणि पहिलं पाणी आत नेलं, तिच्या आंघोळीसाठी.